नकार आणि अभिप्राय : भूमिकाखेळातील सूत्रधाराचे उत्तरदायित्व

साहित्यकृतीचा अर्थ वाचकाच्या प्रतिसादातून घडतो, हे विधान आज कोणालाही धाडसाचे वाटत नाही. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांची चर्चा केली. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात अर्थाचे अधिष्ठान संहितेतून उचलून अन्वयार्थ लावणाऱ्या समूहात नेऊन ठेवले. आणि या दोघांच्याही आधी, १९६७ मध्येच, रोलां बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली होती. या विचारव्यूहात वाचकाला पुष्कळ अधिकार मिळाले. मात्र त्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेला नाही. मृत लेखकाला कोणी जाब विचारू शकत नाही. संहिता पूर्ण झालेली आहे, तिचा कर्ता दूर गेला आहे, आणि वाचक जे काही करील ते त्याचे त्यानेच करावयाचे आहे, अशी ही मांडणी असल्यामुळे प्रतिसादाचा प्रश्न ज्ञानमीमांसेचा राहिला. नीतिमीमांसेचा झाला नाही.

ज्या कथनप्रकारात लेखक जिवंत आहे, टेबलाच्या पलीकडे बसलेला आहे, आणि वाचकाचा शेरा पुढचे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच त्याच्या कानी पडतो, तेथे काय होते? अशा एका प्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण सोयीसाठी 'भूमिकाखेळ' म्हणू. चार-सहा जण एकत्र बसतात. एक वगळता प्रत्येकाकडे एकेक पात्र असते आणि ते काय बोलते, काय करते हे त्याने सांगावयाचे असते. उरलेला एक जण बाकीचे सर्व जग सांभाळतो : वाटेतले गाव, सरायवाला, शत्रू, पाऊस. पात्राच्या कृतीचे फळ काही वेळा नियमांनी आणि फाशांनी ठरते, काही वेळा या एकाच्या निर्णयाने. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळात या व्यक्तीला पुढे 'डन्जन मास्टर' हे नाव रूढ झाले. १९९१ च्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड' मध्ये ती 'स्टोरीटेलर', म्हणजे कथेकरी, झाली. मी तिला सूत्रधार म्हणतो. एवढेच, की आपल्या नाटकातला सूत्रधार प्रस्तावना संपताच रंगमंचावरून निघून जातो. या सूत्रधाराला ती सुटका नाही.

खेळाडूंनी खेळाविषयी जे म्हटले त्याचे सूत्रधाराने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा, फार तर शिष्टाचाराचा वाटेल. माझ्या मते तो त्याहून खोल आहे. आणि तो अवघड होण्याचे एक कारण आपण त्यासाठी वापरतो त्या शब्दांत आहे. 'फीडबॅक' हा शब्द यंत्रविद्येतून आला. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'प्रत्याभरण' म्हणतात. खोलीचे तापमान किती असावे हे आधी ठरलेले असते. यंत्र त्यापासून ढळले की तशी सूचना उलट पोचते आणि ते दुरुस्त होते. म्हणजे या शब्दात साध्य ठरलेलेच आहे, प्रश्न उरतो तो विचलनाचा. पाच माणसांनी मिळून रचलेल्या कथेचे असे कोणते तापमान ठरलेले असते? उलट मराठीतील 'अभिप्राय' हा शब्द पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ मनातील हेतू. 'अभिप्रेत' या शब्दात तो अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र तो 'व्यक्त केलेले मत' एवढाच उरला. भूमिकाखेळात दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, कारण येथे मत देणारा माणूस त्या कथेत हेतू बाळगणाराही असतो. तो समीक्षक आहे आणि सहलेखकही. शिवाय पात्राच्या रूपाने तो त्या कथेच्या तावडीतही सापडलेला आहे.

सूत्रधाराचे आसन कोठून आले हे पाहणे येथे उपयोगाचे ठरेल. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये 'क्रीग्सश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. दोन पक्षांचे अधिकारी आपापले हुकूम लिहून देत आणि त्यांचा परिणाम मधला पंच ठरवी. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी नियमांचे ओझे कमी करून पंचाच्या अनुभवी विवेकावर भर देणारा मुक्त प्रकार पुरस्कारला. हे शिक्षणाचे साधन होते. साहजिकच, खेळानंतर टीका होई ती पंचाकडून खेळणाऱ्यांवर, वरून खाली. आसन नागरी छंदाकडे आले तेव्हा अधिकार तसाच राहिला. अधिकाराला आधार देणारी श्रेणी मात्र गळून पडली. मित्रांपैकीच एक जण, केवळ त्याने नियमांचे पुस्तक विकत घेतले म्हणून, जगाचा निवाडा करू लागला.

आणि याच संक्रमणात एक घटना अशी आहे की जिला या प्रकाराची जन्मकथा म्हणता येईल. १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेसली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक जर्मन गावाभोवती नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. सैन्ये गावाबाहेर होती; पण काही खेळाडूंना त्यांनी गावातल्या व्यक्तींच्या वैयक्तिक भूमिका दिल्या. खेळाडू खोल्याखोल्यांतून फिरू लागले, आपसात कट करू लागले, पंचाने न योजलेल्या गोष्टी करू लागले. ठरलेली लढाई राहिलीच. आपला बेत फसला असे वेसलींना वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा असाच खेळ लावण्याची मागणी केली. त्या मंडळींत आर्नेसन होते, आणि त्यांच्या 'ब्लॅकमूर' मधून पुढचा सारा इतिहास घडला. खेळाडूंनी वेसलींना कोणतीही मीमांसा ऐकवली नव्हती; ते केवळ 'पुन्हा' म्हणाले होते. कर्त्याच्या मूल्यमापनाला खेळणाऱ्यांनी दिलेला हा छेद ज्या प्रकाराच्या मुळाशी आहे, त्यात 'सूत्रधारालाच खेळ अधिक कळतो' हे विधान फार सावधपणे करावे लागेल.

तरीही खेळाडूंचे म्हणणे म्हणजे एकजिनसी वस्तू नव्हे. गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने 'शेअर्ड फॅन्टसी' (१९८३) या अभ्यासात अर्व्हिंग गॉफमन यांची 'चौकटी'ची संकल्पना वापरून दाखवले, की टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो : जगात राहणारी व्यक्ती, नियम जाणणारा खेळाडू, आणि कथेतील पात्र. 'हा राजा मूर्ख आहे' असे कोणी म्हणाला तर ते कोणाचे वाक्य? पात्राचे असेल तर ते कथानक आहे आणि राजाने त्यावर रागवावे. खेळाडूचे असेल तर ती रचनेवरील टीका आहे. राजाचे वर्तन पटण्याजोगे रंगले नाही. व्यक्तीचे असेल तर तो कदाचित थकला आहे आणि त्याला घरी जावयाचे आहे. व्याकरण तिन्ही ठिकाणी एकच. सूत्रधाराचे पहिले काम म्हणून वाचकाचे आहे, आणि येथे चुकीच्या वाचनाची किंमत समोर बसलेला माणूस मोजतो.

भरतमुनींना हे अपरिचित नव्हते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे आणि तो आपल्याकडील काव्यशास्त्राच्या चर्चेत, रससूत्राच्या दबदब्यामुळे असेल, दुर्लक्षित राहिला आहे. स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे; आणि ज्या प्रयोगात गलबला नाही, क्षोभ नाही, प्रेक्षागृह भरलेले आहे, ती दैवी सिद्धी. म्हणजे निःशब्दता हाही प्रतिसादच आणि तोही उच्च कोटीचा. भूमिकाखेळाच्या टेबलावर मात्र शांततेचे वाचन कठीण होते. प्रेक्षकाची शांतता म्हणजे तल्लीनता असू शकते. ज्याने बोलावे अशी अपेक्षा आहे त्याची शांतता बहुधा तशी नसते. भरतांनी निरनिराळ्या विषयांचे जाणकार असे 'प्राश्निक' नेमावयास सांगितले आणि तरुणांना, वृद्धांना, शूरांना वेगवेगळ्या गोष्टी रुचतात हेही नोंदवले. ग्लेन ब्लॅकाउ यांनी १९८० मध्ये भूमिकाखेळाच्या खेळाडूंचे चार प्रकार सांगितले (कोणाला सामर्थ्य हवे, कोणाला पात्र जगावयाचे असते, कोणाला डावपेच, कोणाला कथा) तेव्हा ते नकळत त्याच वाटेने गेले. अशा वर्गीकरणांचा उपयोग मर्यादित आहे. ते सूत्रधाराला एवढेच शिकवते की चौघांच्या अभिप्रायांची सरासरी काढून काही हाती लागणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अभिप्राय या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न उक्ती वावरतात. एक : 'हे नको, थांबा.' दुसरी : 'हे मला चांगले वाटले नाही.' पहिलीला मी नकार म्हणेन, दुसरीला अभिप्राय. नकाराला कारण देण्याचे बंधन नाही; अभिप्रायाला आहे. नकार मान्य करावा लागतो. अभिप्राय विचारात घ्यावा लागतो. या दोहोंची गल्लत दोन दिशांनी होते. नकाराला अभिप्राय समजणारा सूत्रधार कारणे विचारतो, युक्तिवाद करतो, 'पण कथेच्या दृष्टीने ते आवश्यक होते' असे म्हणतो, आणि क्रूर होतो. अभिप्रायाला नकार समजणारा सूत्रधार प्रत्येक नापसंतीपुढे मान तुकवतो, आणि खेळ नाहीसा होतो.

नकाराची सोय करणारी साधने या छंदात अलीकडची आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये रेषा आणि पडदे असा भेद सुचवला : काही विषय कथेत मुळीच येणार नाहीत, ती रेषा, काही घडतील पण दाखवले जाणार नाहीत, तो पडदा. मृत्यू, युद्ध आदी गोष्टी रंगमंचावर न दाखवता प्रवेशक-विष्कंभकांतून सूचित कराव्यात हा संस्कृत नाट्यपरंपरेचा संकेत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तेथे संकेत शास्त्राने घातला, येथे तो पाच जणांच्या संमतीने ठरतो. पुढे जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी फुलीचे पत्ते प्रचारात आणले. टेबलावर मधोमध एक पत्ता ठेवावा. कोणीही त्याला स्पर्श केला की चालू असलेला भाग वगळावा. कारण विचारू नये. २०२० मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' च्या एका अधिकृत पुस्तकानेही खेळापूर्वीच्या 'शून्य क्रमांकाच्या बैठकी'ला आणि तेथे ठरवावयाच्या मर्यादांना जागा दिली.

या पत्त्यावर आक्षेप घेतला जातो तो असा, की त्याने भयाची, शोकाची, अत्याचाराची गंभीर कथा अशक्य होते. एका माणसाच्या हाती सर्वांच्या कलाकृतीवर बोळा फिरवण्याची सत्ता जाते. हा आक्षेप ऐकताना वाङ्मयाच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट आठवावी. पुस्तक वाचणारा ते केव्हाही मिटू शकतो, आणि का मिटले हे लेखकाला कळवण्याची त्याच्यावर सक्ती नाही. नाटक पाहणारा उठून जाऊ शकतो. अभिनवगुप्तांनी रसाची जी सात विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे हे एक आहे. त्यावर त्यांनी सुचवलेले उपाय, गीत, वाद्य, मंडपाची शोभा इत्यादी, प्रेक्षकाला परत आणण्याचे आहेत. पण परत यावयाचे की नाही हे त्या प्रेक्षकाच्याच हाती होते. भूमिकाखेळात उठून जाणे म्हणजे आपले पात्र कथेतून उपटून नेणे, मित्रांची संध्याकाळ मोडणे, आणि सर्वांदेखत आपली जखम उघडी करणे. पत्ता खेळाडूला कोणताही नवा अधिकार देत नाही. वाचकाला जो सदैव होता तोच, या प्रकाराच्या रचनेमुळे हिरावला गेलेला अधिकार, परत करतो. त्याचा दुरुपयोग होईल काय? क्वचित होईल. एक प्रसंग निष्कारण वगळला गेल्याची हानी आणि एका माणसाला त्याच्या दुःखावर स्पष्टीकरण द्यावयास लावण्याची हानी यांची तुलना करण्यात फार वेळ घालवावा असे मला वाटत नाही.

अभिप्रायाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि खरी नैतिक अडचण तेथे आहे. समजा, एका खेळाडूची योद्धा स्त्री, जिच्यासाठी त्याने वर्षभर इतिहास रचला, तिसऱ्याच बैठकीत अंधाऱ्या तळघरात मरते. वीस पैलूंच्या फाशाने कौल दिला. खेळाडू नंतर म्हणतो, 'हे अन्यायाचे झाले.' सूत्रधाराने काय करावे?

त्याला खेळाडूची इच्छा पुरवता येईल, पण ज्या जगात इच्छा पुरवल्या जातात त्यात जिंकण्याला काय अर्थ उरतो? खेळाडूने विरोध करणारे जग मागितले होते म्हणून तर तो येथे आला. तेव्हा सूत्रधार म्हणू शकतो की मी तुझ्या आजच्या इच्छेपेक्षा तुझ्या मूळच्या इच्छेशी प्रामाणिक राहतो. हा युक्तिवाद बरोबर आहे, आणि धोकादायकही आहे. 'तुला खरोखर काय हवे ते मला ठाऊक आहे' हे वाक्य आजवर कोणकोण उच्चारत आले हे आपणांस माहीत आहे. त्यातून वाट काढावयाची तर 'अन्याय' या शब्दाचे वाचन करावे लागेल. पात्र मेले एवढ्याने अन्याय होत नाही. गायगॅक्स यांचे 'टूम ऑफ हॉरर्स' (१९७५ च्या एका संमेलनात खेळले गेले, १९७८ मध्ये छापले गेले) पात्रांचे बळी घेण्याबद्दल प्रसिद्धच आहे, आणि त्या थडग्यात उतरणाऱ्यांनी ते जाणूनच उतरावयाचे असते. तळघरात धोका आहे याची कोणतीही खूण खेळाडूला मिळाली नसेल, म्हणजे त्याला निवड करण्याची संधीच नसेल, तर त्याचे म्हणणे खरे आहे. त्याची तक्रार मृत्यूविषयी नसून आपल्या कर्तृत्वाविषयी आहे. खूण मिळाली होती आणि तरी तो उतरला, तर त्याचा शोक खरा, पण तो शोक खेळाचाच भाग आहे. त्याच्यासाठी थांबावे, जग बदलू नये.

पुष्कळ सूत्रधार याहून सोपा मार्ग काढतात. ते आडपडद्यामागे फासे टाकतात आणि पुढच्या बैठकीपासून, अभिप्राय मनात ठेवून, कौल गुपचूप फिरवतात. १९७९ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड' मध्ये गायगॅक्स यांनीच फाशाचा कौल बाजूला ठेवण्याचा अधिकार सूत्रधाराला दिला होता, त्यामुळे याला परंपरेचे पाठबळ आहे. समर्थन असे : कोणाला कळत नाही, सर्वांना आनंद होतो, आणि कथा सांगणारा नाहीतरी सर्व काही रचतोच. मला हे समर्थन पटत नाही. कादंबरीकार पात्राला वाचवतो तेव्हा तो वाचकाला फसवत नाही, कारण कौल निष्पक्ष आहे असे त्याने कधी म्हटलेले नसते. फासा टाकणारा माणूस तसे म्हणत असतो. फासा खडखडणे हेच ते म्हणणे. गुपचूप दिलेली दया एक पात्र वाचवते आणि आजवर सर्वांनी मिळवलेल्या प्रत्येक विजयाखाली एक भोक पाडते. ते उघड होईल त्या दिवशी खेळाडूला मागे वळून कोणता क्षण आपला होता हे सांगता येणार नाही. उघड होणार नाही तोवर सूत्रधार एकटाच खेळत असतो. अभिप्रायाला गुप्तपणे दिलेले उत्तर म्हणूनच उत्तर नव्हे. संभाषणात ज्याचे नाव घेता येत नाही असे काहीतरी ते आहे. डी. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) मध्ये सूत्रधार प्रायः फासे टाकतच नाही; टाकावयाचे ते खेळाडूंनीच, सर्वांसमक्ष. नियमांच्या रचनेने एक नैतिक मोह दूर करण्याचे हे उदाहरण मला शहाणपणाचे वाटते.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पून आपला कलाविचार त्यांच्या ताणात चालतो असे दाखवले. भूमिकाखेळाचा अभिप्राय हा त्या ताणाचा जवळजवळ प्रयोगशाळेतला नमुना आहे. 'कथा मध्ये रेंगाळली' हे कलाकृतीविषयीचे विधान, आणि 'तू नेहमी त्याचेच ऐकतोस' हे मैत्रीविषयीचे. पण दुसरे बहुधा पहिल्याच्या वेषात येते, कारण मैत्रीविषयी बोलण्यापेक्षा कथेविषयी बोलणे सोपे असते. त्यात भर म्हणजे सूत्रधाराचे श्रम. त्याने आठवडाभर रात्री जागून नकाशे काढले आहेत हे सर्वांना ठाऊक असते. ज्याने जेवू घातले त्याला भाजी खारट झाली असे कोण सांगणार? 'मजा आली ना?' या प्रश्नाला 'हो, आली' याखेरीज उत्तर नसते, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा दुसरे उत्तर नकोच असते. (मोबदला घेऊन खेळ चालवणारे सूत्रधार आता आहेत. तेथे हा संकोच नाहीसा होतो, पण त्याच्या जागी ग्राहक येतो, आणि ग्राहकाच्या म्हणण्याला कारणाची गरज नसते. म्हणजे सर्व अभिप्राय पुन्हा नकारच होतात.)

या संकोचावर तोड म्हणून बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने एक आवडलेली गोष्ट आणि पुढे काय व्हावे याची एक इच्छा सांगावी, अशी प्रथा काही ठिकाणी आहे. ती सौम्य आहे आणि नवख्या मंडळींत उपयोगी पडते. तिची मर्यादा अशी की ती तक्रारीला भविष्यकाळात ढकलते. 'पुढे माझ्या पात्राच्या भावाची कथा यावी' हे इच्छेच्या भाषेत सांगता येते. 'माझ्या पात्राच्या भावाला तू ज्या रीतीने मारलेस ते अयोग्य होते' हे सांगता येत नाही. भूतकाळाविषयी बोलण्याची जागा उरली पाहिजे. त्यासाठी प्रश्न नेमका विचारावा लागतो. घड्याळाकडे केव्हा लक्ष गेले? कोणत्या ठिकाणी तुला काही करावयाचे होते आणि करता आले नाही? आणि तो सर्वांदेखत न विचारता एकेकाला, दोन दिवसांनी, विचारावा लागतो. अशा विचारण्यात सूत्रधार आपले आसन सोडत नाही. ते कशावर टेकले आहे हे दाखवतो.

मेलेल्या योद्ध्या स्त्रीचा प्रश्न या रीतीने विचारला गेला तर काय होईल? समजा, चौकशीत असे निघाले की धोक्याची खूण सूत्रधाराने दिली होती, परंतु इतक्या अलंकृत वर्णनात की ती कोणालाच कळली नाही. मग पात्र परत आणावयाचे नाही, कारण बाकीच्या तिघांनी त्या मृत्यूनंतर जे केले (प्रेत खांद्यावरून नेले, गावात खोटे सांगितले, एकाने सूड घेण्याची शपथ घेतली) ते पुसून टाकावे लागेल, आणि त्यांना तसे विचारलेले नाही. पण पुढच्या बैठकीच्या आरंभी, सर्वांसमोर, दोन गोष्टी सांगता येतील : धोका असेल तेथे तो साध्या शब्दांत सांगितला जाईल, आणि आडपडदा उचलून फासे यापुढे टेबलाच्या मध्यावर पडतील. ज्याचे पात्र मेले त्याला हे मान्य होईल. तिघांपैकी एकाला कदाचित होणार नाही. त्याला पडद्यामागचा तो खडखडाट आणि सूत्रधाराचा निर्विकार चेहरा यांतच भय सापडत होते, आणि ते आता गेले. त्याच्या अभिप्रायालाही कारण आहे. तो ऐकावा लागेल, आणि पुढच्या वेळीही फासे मध्यावरच पडतील हे त्याला सांगावे लागेल.